धाकटीच्या हिरड्या

लढाई चालू होती तेव्हा. घरातले दोघेही भाऊ फौजेत, आणि चुलीपाशी आम्ही दोघी जावा. मी थोरली, सहा वर्षं झाली तरी कूस रिकामी. धाकटा दीर सुट्टीवर येऊन गेला आणि धाकटीला दिवस गेले. सासूबाई तिला चिंचा काय, बोरं काय, पदराखालून आणून देत. मी जळत होते. आता या वयात खोटं कशाला बोलू?

पाचव्या महिन्यात तिच्या हिरड्या सुजल्या. सकाळी आम्ही दोघी परसात बसून मशेरी लावायचो, तंबाखू तव्यावर भाजून घरीच केलेली. तिचं बोट तोंडातून निघायचं ते लाल होऊनच. भाकरीचा कडक पापुद्रा चावला तरी रक्त यायचं. दुखतं म्हणून ती आणखीच मशेरी घासायची. हे सगळं मी रोज बघत होते.

एक दिवस सासूबाईंना मोरीत लाल थुंकी दिसली. "कुणाची गं ही?" त्यांनी मला विचारलं.

"धाकटीची. रोजच पडतंय रगत," मी म्हणाले. हिरड्यांचं मात्र बोलले नाही.

तोंडातून रक्त म्हणजे क्षय, एवढंच तेव्हा आम्हाला ठाऊक. दुपारपर्यंत तिचं ताट-तांब्या वेगळं झालं, अंथरूण गोठ्यालगत गेलं. ती रडून सांगत होती, "आवं, दातातनं येतंय, छातीतनं न्हाई! जाऊबाईंस्नी इचारा!" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून पीठ मळत राहिले. चार दिवसांत तिची माण तालुक्यात माहेरी रवानगी झाली.

तिच्या भावाने तिला साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. छाती स्वच्छ निघाली. पोटात मूल असताना हिरड्या अशा सुजतात, मशेरी सोडा, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, असं त्यांनी सांगितलं. भावाने येऊन हे ऐकवलं तेव्हा सासूबाई ओशाळल्या. मी मात्र "बरं झालं बाई" म्हणून मोकळी झाले. लाज वाटते अजून.

मूल तीन महिन्यांचं झाल्यावर ती परत आली. हिरड्या पार बऱ्या झाल्या होत्या. पोर तिच्या मांडीवर खुदकन हसलं. मुका घ्यायला ती वाकली, मध्येच थांबली, तोंडावर पदर धरला आणि पोर माझ्यापुढे केलं.

"जाऊबाई, तुमीच घ्या. मला माज्या तोंडाचं अजून भ्या वाटतंय."

मी मुका घेतला. तेव्हाही काही बोलले नाही.