मूल उचलायचं नाही!

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पोरांच्या खिशात खडे जमतात तसे आपोआप जमतात. आम्ही तिघी बालशिक्षणात एम.ए. करायला निघालो आणि दोन वर्षांत खिसा फाटायची वेळ आली! तिघी म्हणजे अष्टमी गावात बालवाडी चालवणारी मी, खांब गावच्या अंगणवाडीतल्या सुलभाताई आणि पेणजवळच्या खाडीकाठची, मिठागरवाल्यांची सून वंदना. दर रविवारी पेणला क्लास.

*

क्लास भरायचा एका बालवाडीत. खुर्च्या चिमुकल्या. पहिल्याच दिवशी पन्नाशीच्या सुलभाताई एकीत बसल्या आणि अडकल्या. त्या उठल्या की खुर्चीही उठायची! शेवटी म्हणाल्या, "एम.ए. होईल तवा होईल, आधी मला सोडवा गो!"

*

वंदनाच्या सासूबाईंनी एकदा विचारलं, "दर आयतवारी जातेस, शिकवतात तरी काय?"

"पोरांनी खेळायचं कसं, ते."

"ते पोरांना येतंय की गो!"

"व्हय. मोठ्यांना येत नाय, म्हणून आमाला शिकवतात."

पुढच्या रविवारपासून तिचा डबा सासूबाई भरायला लागल्या. वंदना हे सांगताना हसत होती, पण डोळे भरले होते.

*

एकदा सरावासाठी पोरांना अक्षर गिरवायला वाळूचा ट्रे करायचा होता. वंदनाने घरचं मीठ पसरलं. पोरं एक अक्षर काढायची आणि बोट चाटायची. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "किती अक्षरं लक्षात राहिली?"

वंदना म्हणाली, "अक्षरं नाय राहिली मॅडम, चव राहिली!"

मॅडम हसल्या नाहीत. त्या कधीच हसत नसत.

*

मॅडमचा नियम कडक. निरीक्षण म्हणजे दुसऱ्या बाईंच्या बालवाडीत कोपऱ्यात बसायचं, दिसेल ते मिनिटागणिक लिहायचं. मधे पडायचं नाही. मूल उचलायचं नाही!

सुलभाताईंच्या पहिल्या वहीत दोनच ओळी होत्या. "१०:०५ – मूल पडले. १०:०५ – मी धावले." पुढचं पान कोरं. मॅडमनी लाल पेनाने लिहिलं, "अपूर्ण". ताई म्हणाल्या, "मग काय, आधी वही पुरी करू?" दुसऱ्या खेपेला मात्र त्या कशाबशा सुटल्या.

वंदना दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा मूल कडेवर! तिसऱ्यांदा चुकली तर वर्ष वाया जाणार होतं. त्यांच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. माझा तिच्यासाठी जीव तुटत होता.

*

वंदनाचं तिसरं निरीक्षण माझ्या बालवाडीत ठरलं. मॅडम स्वतः तपासायला आल्या. त्याच दिवशी एक नवीन पोरगी आली. तिची आई तिला दारात सोडून धाटावला कंपनीत गेली, जनरल शिफ्टला. मी मागच्या खोलीत एकाची चड्डी बदलत होते. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, वंदनाच्या वहीत वाचलं. मॅडमनी त्या पानावर पूर्ण मार्क दिले होते.

"९:४२ – मूल दाराशी उभे. आईला हाका मारते.
९:४५ – मूल रडते. मी बसून आहे.
९:४८ – मूल माझा पदर धरते. मी बसून आहे.
९:५० – मॅडम उठल्या. मॅडमनी मूल उचलले.
९:५१ – मूल गप्प. मॅडम रडतात. मी बसून आहे."