मिसळणाच्या डब्यातले स्क्रू

दादाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "नलू गेली गं," एवढंच म्हणाला आणि मी काही विचारायच्या आत पुढे म्हणाला, "तिचा तो डबा तुला द्यायला सांगून गेलीय." असल्या फोनवर डब्याची गोष्ट दुसऱ्या कुणाला विचित्र वाटली असती. मला नाही वाटली. मी तिथेच, निवडलेल्या मेथीसमोर, हमसून हमसून रडले.

नलिनीवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत ती लग्न होऊन आली तेव्हा मी कॉलेजात होते. लग्नाआधी ती भांडुपला रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करायची. हात असा स्थिर की सुईत दोरा ओवताना तिनं कधी दोऱ्याला थुंकी लावली नाही. पण आमचे बाबा गिरणीच्या संपानंतर घरी बसलेले, मनातून दुखावलेले. सून कामावर जाते आणि सासरा घरात, हे त्यांना सोसेना. तिनं नोकरी सोडली, कुरकुर न करता. मला मात्र तिचा राग आला होता. एवढं येतं आणि ही भाकऱ्या थापत बसणार? मी तिला तोंडावर तसं म्हणालेही. ती म्हणाली, "थापू दे गं शोभा, भाकरीपण गोल यायला हात लागतो."

समोरच्या दारात सामंतकाकू राहायच्या. काका मस्कतला. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल, काकांनी ओळखीच्या माणसाबरोबर व्हीसीआर पाठवला आणि सोबत एक कॅसेट. कॅसेटमध्ये खुद्द काका! तिकडे कुणाकडून तरी कॅमेरा मागून आणून त्यांनी आपली खोली, खाट, स्टोव्ह सगळं दाखवलं होतं आणि बायकोमुलांशी बोलले होते. पुढची रजा दोन वर्षांनी होती. मशीन आलं त्या दिवशी आम्ही सगळ्या बायका जमलो. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं. वरून झाकण उघडून कॅसेट घालायचं मशीन होतं ते, आणि झाकण उघडंच होतं. मला चेव चढला. मी ताटातल्या अक्षता मूठभर उचलल्या, "शुभमंगल सावधान!" असं ओरडले आणि लग्नात उधळाव्यात तशा मशीनवर उधळल्या. सगळ्या खो खो हसल्या. काकूंनी फडक्यानं अक्षता पुसून काढल्या, आणि विषय संपला.

चार दिवस मशीन झकास चाललं. मग काकू काकांची कॅसेट पुन्हा लावायला गेल्या आणि मधेच चित्र थांबलं. कॅसेट बाहेर येईना. काकूंचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला, "माझ्या घोवाक गिळल्यान गो ह्या मशिनान!" मशीननं नवरा गिळला म्हटल्यावर आम्हाला हसू आलं, पण त्या रडत होत्या. स्टेशनजवळच्या दुकानातला मेकॅनिक आला. त्यानं मशीनला दोन थापट्या मारल्या, कान लावला आणि निकाल दिला: मोटर गेली, टेप आत गुंडाळलीय, कापूनच काढावी लागेल, उद्या सामान घेऊन येतो. कापायची म्हणजे काकांना कापायचं!

दुसऱ्या दिवशी दुपारी, मेकॅनिक यायच्या आत, वहिनी हात पुसत उठली. "मी बघू का काकू?" आमच्या दारातून बाबा म्हणाले, "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नको. बिघडलं तर भरून कोण देणार?" वहिनी त्यांना कधी उलट बोलायची नाही. तेव्हाही बोलली नाही. पण थांबलीसुद्धा नाही. आमचा मिसळणाचा डबा घेतला, सातही वाट्यांतलं मोहरी-जिरं-हळद एका ताटलीत काढून ठेवलं, वाट्या पुसल्या आणि समोर गेली.

तिची पद्धत मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. आधी मशीनला हातच लावला नाही. काकूंना विचारत बसली. कधी थांबलं? आवाज आला का? बटण दाबल्यावर आता काय होतं? काकूंनी दाबून दाखवलं. आतून बारीक घुर्र झालं आणि बंद पडलं. वहिनी म्हणाली, "मोटर गेली असती तर घुरघुरली कशाला असती? ती ढकलतेय. तिच्या वाटेत काहीतरी आहे." मग प्लग काढला आणि स्क्रू काढायला लागली. झाकणाचे चार मोहरीच्या वाटीत, त्याखालच्या पत्र्याचे जिऱ्याच्या वाटीत, ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं. मधली वाटी रिकामी. "ती कशाला?" मी विचारलं. "मशीनचं नसलेलं जे निघेल ना, ते तिथं ठेवायचं."

मी बॅटरी धरून उभी होते. आत टेप एका चकचकीत गोल डब्यावरून वळून बाहेर ओढलेली होती. "तिला बोट लावायचं नाही हं, बोटाचं तेल लागतं," असं म्हणत वहिनीनं मोटरचा पट्टा नखानं हळूहळू फिरवला. अडलं. मागे घेतला, परत फिरवला. परत त्याच जागी अडलं. तिनं डोळे मिटले, परत एकदा फिरवलं आणि क्रोशाची सुई मागितली. टेपला ओढून नेणारा जो दांडा असतो, त्याच्या खाचेतून तिनं सुईच्या टोकावर काहीतरी अलगद उचललं. बॅटरीच्या उजेडात मला दिसलं... तांदळाचा दाणा. कुंकवानं गुलाबी झालेला.

माझ्याच मूठभर अक्षतांतला. वहिनीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मूठ मिटली. मग पट्टा फिरवला. दांडा गपचूप मागे सरकला, सैल पडलेली टेप तिनं बोटानं चाक फिरवून कॅसेटमध्ये भरली आणि कॅसेट अख्खी बाहेर आली. काकूंनी ती छातीशी धरली. "काय होतं गं?" "काही नाही काकू, जरासं अडकलं होतं." काकू डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे काल त्या मेकॅनिकनं थापटलं तेव्हाच सुटायला आलं असणार. हात चांगला हो त्याचा!"

वहिनी म्हणाली, "असेल."

त्या एका शब्दावर मी गप्प बसले. एक शब्द बोलले असते तर... पण सोसायटीभर झालं असतं, शोभानं थट्टेपायी गल्फचं मशीन बिघडवलं, काकांची कॅसेट कापायची वेळ आणली. मी घाबरले. घरी आल्यावर रडत म्हटलं, "वहिनी, तू दुरुस्त केलंस आणि नाव त्या माणसाचं?" ती वाट्यांत परत मोहरी भरत होती. "घेऊ दे. मला माहितीये, तुला माहितीये. आणि तू तोंड उघडलंस तर याद राख."

बाबांनी मात्र दारातून सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बंद पडलेला आपला रेडिओ तिच्यापुढे ठेवला. "ह्याका पण जरा बघ," म्हणाले. आणि पुढच्याच आठवड्यात बाजारातून नवाकोरा मिसळणाचा डबा आणला. "स्वयंपाकाचा वेगळा नि तुझ्या कामाचा वेगळा." माफी मागायची त्यांची तीच रीत.

मग पुढची दहा-बारा वर्षं त्या डब्याची होती. आमच्या आणि शेजारच्या चार सोसायट्यांतली मशीनं आमच्या पलंगाखाली रांगेत असायची. कुणाचं चित्र पांढरं होतंय म्हणताच वहिनी विचारायची, "देवघराशेजारी ठेवलंय ना?" उदबत्तीचा धूर आत जाऊन बसायचा. न बघता ओळखायची! मोठे मोठे लोक "वहिनी आहेत का?" असं विचारत दारात उभे राहायचे आणि मी दार उघडताना अशी काही ऐटीत उघडायची की विचारू नका. फक्त सामंतकाकू सगळ्यांना सांगत राहिल्या, "आमचं तर मेकॅनिकनंच सुटं केलेलं. तिथून हिला नाद लागला." वहिनी समोर असली की हसून म्हणायची, "असेल."

तेराव्यानंतर डबा घरी आणला. उघडायचा धीर व्हायला तीन आठवडे लागले. सहा वाट्यांत उरलेसुरले स्क्रू, अजूनही क्रमानं लावलेले. मधल्या वाटीत एक दाणा. गुलाबी रंग उडून पिवळट झालेला... इतकी वर्षं जपला होता बाईनं. याद राख म्हणाली होती, पण डबा मलाच ठेवून गेली. मी त्याचा अर्थ मला हवा तसा लावला आणि तशीच उठून मुलुंडला गेले.

काकू आता थकल्यात, ऐकायला कमी येतं. त्यांच्या तळहातावर दाणा ठेवला आणि सगळं सांगितलं, माझ्या मूठभर अक्षतांसकट. त्यांनी दाणा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या घोवाक नलिनीन सोडवलेलो?" मी मान हलवली. "आणि मी जन्मभर त्या मेल्याचं नाव घेत बसले! एवढं ऐकून घेतलं पोरीनं?" त्यांनी दाणा स्वतःच्या हातानं परत मधल्या वाटीत ठेवला, झाकण लावलं आणि डब्यावर हात ठेवून बसल्या.

डबा आता माझ्या ओट्यावर असतो, रोजच्या मिसळणाच्या डब्याला लागून. येणारा जाणारा विचारतो, यात स्क्रू कसले? मी सगळी गोष्ट सांगते, माझ्या गाढवपणापासून. शेवटी कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे ते मशीन तुमच्या वहिनींनीच दुरुस्त केलं असेल."

असेल नाही. केलं होतं.