डाव्या पिळाची तार

जुन्या मोटरसायकलीला हात लावावा तो ताईनेच, असं त्या भागात सगळे म्हणत. घरात ती छोटी होती. पण गॅरेजमध्ये येणारे पांढऱ्या मिशांचे बाप्येसुद्धा तिला ताईच म्हणायचे. तिच्याकडे येणाऱ्या गाड्या तिच्या आजोबांच्या वयाच्या. बनवणाऱ्या कंपन्या केव्हाच बुडालेल्या, आणि त्यांचे तेलाचे फिल्टर बाजारातून गायब झालेले. मग ताई भलत्याच कुठल्या गाडीचा फिल्टर शोधून काढायची, मापं जुळवायची, उंची कमी पडली तर खाली वॉशर घालायची. "सासर बदललं तरी नांदता आलं पाहिजे," असं त्या फिल्टरला बजावायची आणि मगच आत बसवायची.

काम दिसायला सोपं. इंजिन कोमट असताना जुनं तेल सोडायचं, झाकण उघडायचं, स्प्रिंग नीट काढून ठेवायची, काळाठिक्कर फिल्टर बाहेर घ्यायचा. नवा तेलात बुडवून आत सरकवायचा, पण तोंड बरोबर बाजूला हवं. उलटा बसला की तेल अडतं आणि बघता बघता इंजिन जाम होतं. शेवटी झाकणाचा बोल्ट हादऱ्यांनी ढिला पडू नये म्हणून तो बारीक तारेने पिळून बांधायचा.

झाकण उघडायला ताई वाकली की दरवर्षी, दरवेळी एकच गोष्ट व्हायची. दारातून येणारा उजेड किंचित मंद व्हायचा. कुणीतरी येऊन मागे उभं राहावं तसा. ताई वळून बघायची नाही. नुसता हात मागे करायची आणि म्हणायची, "पाना दे."

एकदा एका गिऱ्हाइकाने बिचाऱ्याने खरंच तिच्या हातात पाना ठेवला, तर ताई अशी किंचाळली की तो माणूस गाडी तिथेच टाकून रस्त्यापलीकडे पळाला. नंतर दोघंही हसले. पण त्या दिवशी ताईने पुन्हा हात मागे केला नाही.

मागे उभा राहायचा तो तिचा दादा. निदान ती तसं धरून चालली होती.

गॅरेजच्या कोपऱ्यात कापडाखाली दादाची मोटरसायकल होती. तेल सोडलेली, फिल्टरचं झाकण उघडं, खाली तेलाची परात तशीच. खूप वर्षांपूर्वी एका दुपारी तो म्हणाला होता, "फिल्टर घेऊन येतो." पार्टवाल्याच्या दुकानात तो पोचला, फिल्टर घेतला, कागदात बांधून घेतला, दुकानाच्या पायऱ्या उतरला. तिथून पुढे त्याला कुणी पाहिलं नाही. इस्पितळं झाली, पोलीस झाले, नदीकाठ झाला. काही हाती लागलं नाही. बाबांनी गाडीवर कापड टाकलं आणि सांगितलं, "हिला कुणी हात लावायचा नाही. तो येईल, फिल्टर तोच बसवेल." पुढे पुढे ते 'तो येईल' म्हणायचे थांबले, पण कापड काढू देत नव्हते. आता बाबांचे हात कापायचे. ते दाराशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकत.

घरात कुणी उघड बोलत नव्हतं, पण तो मेला असंच तिघांनी मनाशी धरलंय, असं ताईला वाटायचं. ताईला तर त्याची भीतीही वाटेनाशी झाली होती. दिवसभर एकटीने काम करायचं, तर मागे कुणी असलेलं बरं.

अशातच एक फोटोग्राफर आला. लग्नांचे फोटो काढून कंटाळला की जुन्या मोटरसायकलीवर बसून लांब लांब हिंडायचा. "वाटेत एका ठिकाणी तेल-फिल्टर केलं," तो म्हणाला, "पण झाकणातून थेंब थेंब गळतंय. ताई, तुम्ही एकदा बघा."

ताई वाकली आणि वाकलेलीच राहिली.

बोल्टाला बांधलेल्या तारेचा पीळ उलटा होता. सगळे मिस्त्री तार उजवीकडे पिळतात. ही डावीकडे पिळलेली, आणि शेपटाचं टोक आत वळवून दाबलेलं, म्हणजे पुसताना फडकं अडकू नये. असं टोक वळवणारा तिने आयुष्यात एकच पाहिला होता. दादा डावखुरा होता. लहानपणी त्याने डाव्या हाताने पाना धरला की बाबा त्याच पान्याने त्याच्या बोटांवर मारायचे. "उजव्याने कर! जगात सगळे बोल्ट उजव्या हाताचे आहेत!" दादा बाबांसमोर उजव्याने करायचा आणि त्यांची पाठ वळली की डाव्याने.

"हे कुठे केलंत?" ताईने विचारलं.

फोटोग्राफरने जागा सांगितली. घाटापलीकडे, लाकडाच्या वखारीशेजारी, पत्र्याचं गॅरेज. "मिस्त्री कसा होता?" ताईने विचारलं.

"डावरा होता. कामाला चांगला. आता गळतंय ते वेगळं," तो हसला.

ताई हसली नाही. तिने झाकणाखालचं जुनं गॅस्केट बदललं, बोल्ट आवळला, तार नवी बांधली. काढलेली तार खिशात घातली. घरी ताकास तूर लागू दिली नाही. "सामान आणायला जाते," एवढंच म्हणाली. ते शब्द ऐकताच आईच्या हातातलं भांडं ओट्यावर आदळलं.

वखारीशेजारचं गॅरेज सापडायला वेळ लागला नाही. आत एक माणूस पाठमोरा बसला होता. खांदे थोडे वाकलेले, डाव्या हातात पक्कड.

"दादा!"

माणूस वळला. जाड भिंगाचा चष्मा, अनोळखी चेहरा. "काय पाहिजे, बाई?"

ताईला तिथल्या टायरवर बसावं लागलं. त्याने पाणी दिलं. तिने खिशातली तार पुढे केली. त्याने ती उजेडात धरली. "ही माझीच. का, काय झालं?"

"असं पिळायला कुणी शिकवलं?"

"इथे एक मिस्त्री होता," तो म्हणाला. "मी डावरा, म्हणून मला कुणी धड शिकवत नव्हतं. हा म्हणाला, हात डावा तर पीळ डावा, त्यात चुकलं काय?"

"आता कुठे आहे तो?"

"गेला. मागच्या उन्हाळ्यात. सामान घेऊन येतो म्हणाला आणि आलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही. त्याआधीही दोन-तीन ठिकाणांहून असाच निघाला होता म्हणे."

ताईला हसू की रडू कळेना. इतकी वर्षं ती ज्याच्याकडे पाना मागत होती तो मागच्या उन्हाळ्यापर्यंत इथे या टायरवर बसून चहा पीत होता.

"घरचं काही बोलायचा?"

"बहिणीचं बोलायचा. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे म्हणायचा." त्याने तार तिला परत दिली. "मी एकदा विचारलं होतं, घरी का जात नाहीस? तर म्हणाला, परत जायचा एक दिवस असतो, तो माझा हुकला. मग प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेला."

ताई घरी परतली ती जेवणाच्या वेळेला. तिने सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. बाबांचा घास हातातच राहिला. आई मात्र जेवत राहिली. पाणी पिऊन म्हणाली, "आपल्या पायाने गेला ते मला माहीत होतं."

"काय?"

"त्या दुपारी आरशापुढचं त्याचं दाढीचं सामान नव्हतं. फिल्टर आणायला जाणारा माणूस वस्तरा कशाला नेईल?"

"आणि मला बोलली नाहीस?" बाबांचा आवाज फाटला. "मी नदीत माणसं उतरवली!"

"म्हणूनच नाही बोलले," आई म्हणाली. "तुम्ही त्याच्यासाठी रडत होता. सोडून गेला म्हटलं असतं तर पुन्हा त्याच्यावर चिडला असता. मला तुम्ही रडलेलेच बरे वाटलात."

बाबांनी आपले कापणारे हात ताटाखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी ताई खाली गॅरेजमध्ये गेली, तर कापड जमिनीवर पडलेलं होतं आणि बाबा गाडीशेजारी उभे होते. "कर सुरू," ते म्हणाले.

काम काही एका दिवसाचं नव्हतं. टाकी गंजलेली, पिस्टन धरून बसलेला, नळ्या कडक झालेल्या. सगळं झाल्यावर ताई फिल्टरकडे आली. तो तिने कधीच मिळवून ठेवला होता. ती वाकली. सवयीने हात मागे केला. म्हणाली, "पाना दे."

उजेड मंद झाला नाही. मागे कुणी नव्हतं. नुसती भिंत, खिळे आणि रस्त्यावरच्या गाड्या. तिने मान वळवून बघितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि तिला एवढं पोरकं वाटलं की ती तशीच फरशीवर बसून राहिली. मेलेला दादा रोज यायचा. जिवंत दादा कुठल्या गावात होता देव जाणे.

मग उठून तिने पाना स्वतःच घेतला. फिल्टरचं तोंड दोनदा तपासलं. इंजिन सुरू झालं तसा तो घोगरा, तुटक आवाज सगळ्या घरात शिरला. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आली, कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली आणि वर निघून गेली. तेलाच्या टाकीत परतीची बारीक धार पडू लागली होती. म्हणजे तेल नीट फिरत होतं, सगळं ठीक होतं.

बाबा म्हणाले, "मला जरा वळणापर्यंत ने."

वळण आलं, तर म्हणाले, "अजून थोडं पुढे."

तेव्हापासून सुट्टी आली की दोघं निघतात. दर वेळी वेगळा रस्ता. कुठे गॅरेज दिसलं की बाबा ताईच्या खांद्यावर टकटक करतात. ती थांबते. बाबा उतरत नाहीत. मागच्या सीटवरून आत बघत राहतात, चेहऱ्यांकडे नाही, हातांकडे. यात तो हात नाही असं त्यांना पटलं की पुन्हा टकटक करतात, आणि ताई गाडी पुढे काढते.

एकदा एका गॅरेजमधून मालक हात पुसत बाहेर आला. "काय झालं, आजोबा? गाडीला काही त्रास?"

"नाही, नाही," बाबा घाईघाईने म्हणाले. "तेल किती आहे ते बघत होतो."