ओतिलियावहिनीच्या घरातल्या पाली

माझी वहिनी ओतिलिया धुतलेला चमचाही नाकाशी नेऊन बघणारी बाई. पहाटे ती दवाखान्याच्या फाटकापाशी तामाले विकायला बसायची. मक्याच्या पिठाचे, सालीत गुंडाळून वाफवलेले. आमच्या सान ग्रेगोरियोत तामाले विकणाऱ्या बाया ढिगाने आहेत, पण नर्सबाया तिच्याकडेच यायच्या, त्या तिच्या नखांमुळे. इतकी पांढरी नखं मी नवरीचीही पाहिली नाहीत.

अशा बाईच्या घरात माझा भाऊ गौदेन्सियो दोन आहोलोते, आमच्या कालव्यांत राहणारे चार पायांचे जीव, घेऊन आला.

तीस वर्षं त्याने आमच्या कालव्यांतून प्रवाशांची होडी काठीने रेटली होती. गुडघा गेला, होडी सुटली, आणि दिवसभर घरात बसून तो आंबायला लागला. मग एका ओळखीच्या पैदास करणाऱ्याकडून रीतसर कागदांसह एक नर आणि एक मादी आणून त्याने काचेची टाकी मांडली. ती पण कुठे, तर जेवायच्या टेबलासमोरच्या कपाटावर.

"कालव्यात आता औषधालाही सापडत नाहीत ही," तो म्हणाला. "आपल्या गावचं जनावर आहे, आपल्या घरात राहू दे."

"औषधाचं नावही काढू नकोस," वहिनी म्हणाली, आणि घास तसाच ताटात टाकून उठली.

का, ते मला ठाऊक होतं. ती सात वर्षांची असताना तिला खोकला झाला आणि मावशीने आहोलोते उकळून त्याचं पाणी पाजलं. "पेल्याच्या तळाशी पंजा होता," ती सांगायची. "चार बोटांचा. मावशीने माझं नाक दाबलं आणि घशात ओतलं." हे सांगताना तिचा हात आपोआप गळ्याकडे जायचा.

आता तसलेच दोन जीव तिच्या जेवणासमोर. वीतभर लांब, एक काळपट, एक फिकट गुलाबी, कातडी ओल्या साबणासारखी, मानेभोवती लाल झालर, आणि तोंड असं की सतत हसल्यासारखं. गौदेन्सियो म्हणायचा, गोड आहेत. वहिनी म्हणायची, "पाली आहेत. पाण्यातल्या पाली. आणि हसतायत कशाला मेल्या?"

एप्रिलात उकाडा वाढला, टाकीतलं पाणी तापलं आणि फिकट नराच्या झालरीवर कापसासारखी बुरशी धरली. पैदासवाल्याने फोनवर सांगितलं, थोडे दिवस गारव्यात ठेव. गौदेन्सियोने काय करावं? झाकणाच्या डब्यात पाणी घेतलं, त्यात नर ठेवला आणि डबा सरळ फ्रिजमध्ये. वहिनीला वाटलं, ताजं चीज आणलंय.

माझं घर अंगणापलीकडे. तिची किंकाळी ऐकून मी धावले, तर वहिनी ओट्याला टेकून उभी, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले.

"लोकांच्या पोटात जाणारं पीठ मी जिथे ठेवते, तिथे तू पाल ठेवलीस?"

"पाल नाही गं ती. आणि आजारी आहे बिचारी."

"मग उद्या तुला ताप आला की तुलाही कोंबते आत!"

तिने सगळं पीठ फेकून दिलं, फ्रिज ओढून अंगणात काढला, घासला. दोन दिवस धंदा बंद. आठ दिवस ती भावाशी बोलली नाही. तो समोर बसलेला असताना मला म्हणायची, "तुझ्या भावाला सांग, वाढलंय." नर मात्र माझ्या घरच्या फ्रिजमध्ये बरा झाला. हे वहिनीला अजून माहीत नाही.

जूनमध्ये गौदेन्सियोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तीन आठवडे तो घरी नसणार. त्याने आधी मला गळ घातली. टाकीतल्यांना जिवंत गांडुळं लागतात, मोठी असली तर कात्रीने तुकडे करून. मी सरळ नाही म्हणाले. मग उरलं कोण?

पहिले दोन दिवस तिने डोळे मिटून चिमट्याने गांडुळं टाकली, बस्स. तिसऱ्या दिवशी तळाशी विष्ठेच्या काळ्या गोळ्या साचल्या, आणि अर्धं चावून ओकलेलं एक गांडूळ पांढरं पडून फुगलं होतं. आपल्या घरात, जेवायच्या टेबलासमोर घाण साचलीय, हे तिच्याच्याने बघवेना. कोपरापर्यंत हातमोजे, नाकाला फडकं, हातात रबरी पिचकारी. एकेक गोळी ओढून घेतली, मोरीत जाऊन भडाभडा ओकली, चूळ भरली, परत आली आणि उरलेलं साफ केलं. मग हे रोजचं झालं. पाणी एक दिवस बादलीत ठेवून मगच घालायचं, किती गार हवं, किती बदलायचं, सगळं तिने पैदासवाल्याला विचारून घेतलं. त्याला वाटलं, बाईला फार गोडी लागलीय.

एका सकाळी नराचा पुढचा पाय गायब होता. मादीने खाल्ला होता. वहिनीने नराला वेगळ्या बादलीत काढलं. काही दिवसांनी तुटलेल्या पायाच्या जागी एक गाठ आली, गाठीतून देठ, देठातून बारीक बोटं. दवाखान्यातल्या नर्सबाया मुद्दाम बघायला आल्या.

"केवढा चमत्कार, ओतिलियाबाई!"

"चमत्कार कसला? तुटलेलं तुटलेलं राहावं माणसासारखं. विसरलेल्या बटाट्याला मोड येतात तसं दिसतंय. जा आता, तामाले गार होतील."

गौदेन्सियो कुबड्यांवर घरी आला. पाणी इतकं नितळ की त्याला आधी वाटलं, टाकी रिकामीच आहे. आनंदाने त्याने हात आत घातला आणि वहिनीने फाडकन मनगटावर मारलं.

"हात धुतलास?"

"हो, साबणाने."

"म्हणजे आता साबण पाण्यात! आजपासून तुझा हात टाकीला लागायचा नाही. लांबून बघ."

तो लांबून बघू लागला. पाय पुरता आल्यावर नर परत टाकीत गेला होता. ऑक्टोबरात मादीने टाकीतल्या रोपांच्या पानापानावर अंडी चिकटवली, तीनशेच्या वर. त्या वेळी मात्र सगळी वाढवायचीच म्हणून तो हट्टाला पेटला. घरातली प्रत्येक परात, प्रत्येक बरणी पिल्लांनी भरली. नखाएवढी, पारदर्शक, पोटातलं काळं दिसणारी. आणि भूक अशी की शेजारच्याचा पाय दिसला की तोच तोंडात. आठवड्यात अर्ध्यांचे पाय नव्हते, आणखी आठवड्याने अर्धी पिल्लंच नव्हती. घरभर कुजका वास. शेवटी अकरा उरली, ती पैदासवाल्याला देऊन टाकली. पुढच्या वेळची अंडी वहिनीने पहिल्याच दिवशी पानांसकट बर्फात घालून मारली.

गौदेन्सियो त्या दिवशी जेवला नाही. "तीनशे होती, ओतिलिया."

"तीनशे तोंडं होती," ती म्हणाली.

मग एका रविवारी नबोर आला, भावाचा होडीवरचा जुना सोबती. वहिनी मागे कपडे धूत होती. नबोर तिखट लावलेला आंबा खात बसला आणि म्हणाला, प्रवाशांना आहोलोतेसोबत फोटो हवा असतो, तर तुझी काळी आठवडाभर दे. गौदेन्सियो होय-नाही करत राहिला. तेवढ्यात नबोरने तोच आंब्याचा हात टाकीत घातला, मादीला कमरेत धरून वर काढलं आणि दुसऱ्या हाताने फोटो घेऊ लागला. ती तडफडत होती, हा हसत होता.

वहिनी दारात उभी होती. "ठेव तिला."

"अहो, तुम्हालाच तर घाण वाटतात या. नेतो, सुटाल."

"मला घाण वाटते म्हणून मी हातमोजे घालते. तुला काहीच घाण वाटत नाही, म्हणून तू हा असला हात घालतोस. नाक पुसलेला, तिखटाचा, बिअरचा. आणि तिथे अजून पन्नास जण घालणार."

"जनावर आहे हो, त्याला काय कळतंय?"

"तुला कळतंय ना? नीघ."

तिने जाळीत मादी घेतली आणि ओल्या जाळीसकट त्याच्याकडे असं बघितलं की तो अर्धा आंबा टेबलावर टाकून गेला. तो आंबा तिने कागदात धरून बाहेर फेकला.

मादीच्या कमरेवरचा बुळबुळीत थर जिथे बोटं रुतली तिथे निघून गेला होता. तिथे कातडी लाल झाली, मग पांढरी. पैदासवाल्याने सांगितलं तसा वहिनीने नवं भांडं आणून काळा चहा उकळला, निववला आणि रोज दहा मिनिटं तिला त्यात ठेवलं. घड्याळ बघत, तोंड वाकडं करत, पण दहाच्या दहा मिनिटं. नवव्या दिवशी ती उलटी तरंगत होती.

गौदेन्सियो रडला. वहिनी रडली नाही. "बघ, मेली तरी हसतेच आहे," एवढंच म्हणाली आणि मादीला पेरूच्या झाडाखाली तिनेच पुरलं. चहाचं भांडं फोडून टाकलं.

नर अजून आहे. वहिनी रोज त्याची टाकी साफ करते, आणि रोज तिला मळमळतं. त्याच्यासमोर बसून घास उतरत नाही म्हणून गेल्या वर्षी तिने टेबलच अंगणात पत्र्याखाली हलवलं. डिसेंबरच्या थंडीत आम्ही तिघं स्वेटर घालून तिथे जेवतो. गौदेन्सियो कुरकुरतो की गुडघा आखडतो, टाकी हलवणं सोपं होतं. वहिनी त्याच्या ताटात आणखी एक गरम तामाल ठेवते आणि सांगते, टाकी तिथून हलायची नाही, घरातली सगळ्यात गार भिंत तीच आहे.