निसारच्या कॅसेट

नाशिकहून संभाजीनगरला लोक वेरूळ-अजिंठा बघायला जातात, फार तर हिमरू शाल घ्यायला. मी गेलो ते एका कॅसेटच्या शोधात. माझी बायको वसुधा जाऊन दोन वर्षं झाली. घरात तिचे फोटो भरपूर आहेत, पण आवाज कुठेच नाही. मोबाईल समोर धरला की ती उठून स्वयंपाकघरात जायची, आणि आमच्या लग्नाच्या व्हिडिओत सनईवाल्यानं कुणाचंच काही ऐकू येऊ दिलेलं नाही. दिवाळीनंतर एकदा चहा गाळताना लक्षात आलं की तिचा आवाज मला नीट आठवेनासा झालाय. वाक्यं आठवतात, पण मनात ती माझ्याच आवाजात उमटतात. मी चक्क घाबरलो. त्याच आठवड्यात बॅग भरली.

कॅसेटची भानगड सांगायला हवी. आम्ही दोघं तिथल्या विद्यापीठात शिकत होतो तेव्हा काही मुलामुलींनी मिळून एक वाचक मंडळ चालवलं होतं. अंध विद्यार्थ्यांना अभ्यासाची पुस्तकं वाचून कॅसेटवर भरून द्यायची, एवढंच काम. ग्रंथालयामागे एक अडगळीची खोली मिळाली होती. पंख्याची घरघर टेपमध्ये उतरते म्हणून ऐन एप्रिलात पंखा बंद. वसुधा वाचायची. माझा आवाज घोगरा, उच्चार त्याहून वाईट, म्हणून माझ्याकडे फक्त टेपरेकॉर्डरची बटणं. फीत संपत आली की मी हात वर करायचा आणि तिनं वाक्य संपवायचं. बाकी वेळ तिच्याकडे बघत बसायला मला रीतसर परवानगी होती म्हणा ना.

कॅसेट विकत घ्यायला पैसे कुठले? म्हणून परीक्षा झाली की सगळ्या पुसायच्या आणि पुढच्या वर्षी त्यांवरच नवं पुस्तक भरायचं. अपवाद एकाचा, निसारचा. त्याच्या वडिलांचं गंगापूरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे तो कोऱ्या कॅसेट घरून आणायचा आणि भरलेल्या घेऊन जायचा. त्या पुसल्या जायचा प्रश्नच नव्हता. माझी सगळी आशा तेवढ्यावर होती.

स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्गानं जा, टोल भरा आणि लवकर पोहोचा. मी एसटीनं गेलो, येवला-वैजापूर करत. सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेपर्यंत उतरता येतं. वैजापूरला गाडी थांबते तेव्हा पाय मोकळे करून घ्या, चहा मात्र पुढेच प्या. तिथं चढलेल्या एका म्हाताऱ्यानं औरंगाबादचं तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, "संभाजीनगर म्हणा बाबा."

"म्हणतो की. पण उतरव मला जुन्याच स्टँडवर."

गाडीभर हशा पिकला, कंडक्टरही हसला. छावणी मागे पडली, शहर सुरू झालं. इतक्या वर्षांत आम्ही दोघं मिळून इथं एकदाही आलो नव्हतो. जाऊ, जाऊ म्हणत राहिलो.

बसस्टँडजवळच्या लॉजवर हजाराच्या आत खोली मिळाली. गरम पाणी फक्त सकाळी, ते आधीच विचारून घ्यावं. नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा पिवळाजर्द रस्सा, खायचा असेल तर जुन्या शहरात जा, आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नका. मग रिक्षानं मकई दरवाज्यातून विद्यापीठात. डोंगर जागच्या जागी, कडुनिंब वाढलेले. आमच्या अडगळीच्या खोलीत आता झेरॉक्सची मशिनं आहेत. दारातल्या माणसानं विचारलं, "किती कॉपी?" काही न सुचून मी आधारकार्डाच्या दोन काढून घेतल्या.

वाचक मंडळ मात्र हयात निघालं. आमचं नव्हे, पण तसलंच. मुलं आता मोबाईलवर वाचून पाठवतात. त्यांची म्होरकी रेणुका, इतिहासाची विद्यार्थिनी, रोज मुकुंदवाडीहून येते. कॅन्टीनमध्ये तिनं मला चहा पाजला आणि मला पैसे देऊ दिले नाहीत.

"काका, कॅसेट आम्ही बघितल्या पण नाहीत," ती म्हणाली. "पण निसार सर माहितीयेत ना. दरवर्षी नव्या पोरांना शिकवायला येतात, कसं वाचायचं ते. लई रागावतात. म्हणतात, पळू नका, कुणी मागं लागलंय का?"

मला हसू आलं, कारण हे मूळ वाक्य वसुधाचं. नव्या वाचकांना ती हेच म्हणायची. रेणुकानं नंबर लावून दिला. पलीकडून "कोण? मिलिंद? बटणवाला?" असं आलं. वसुधाबद्दल मी फोनवरच सांगितलं. कॅसेटबद्दल मात्र विचारलं नाही. धीरच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी काळी-पिवळीनं गंगापूर. एसटी स्वस्त आणि आरामाची, पण मला दम निघत नव्हता. जीपमध्ये एका सीटवर चौघं, मांडीवर कुणाचं तरी कोथिंबिरीचं गाठोडं. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे वेळेचा हिशोब धरू नका. निसार फाट्यावर काठी घेऊन उभा होता. केस पांढरे, कपडे कडक इस्त्रीचे. तो तिथल्याच कॉलेजात इतिहास शिकवतो. माझा हात धरून तोच मला गल्लीबोळांतून घरी घेऊन गेला.

भाभींनी आधी जेवायलाच बसवलं. मग चहा झाला आणि मी एका दमात विचारलं, "निसार, वसुधाच्या कॅसेट आहेत का रे तुझ्याकडे?"

त्यानं चाचपून कप खाली ठेवला. मग म्हणाला, "नाय रे. पास झालो आन् पुढच्या पोरांना देऊन टाकल्या. त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. कुठवर गेल्या, काय माहीत. ताईनं वाचलं ते सगळ्यांसाठीच ना?"

बरोबर होतं त्याचं. वसुधाला विचारलं असतं तर तीही हेच म्हणाली असती. तरी मला रडू फुटलं, परक्या घरात, भाभींच्या देखत. निसारनं मला रडू दिलं. मग स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाला, "एक गोष्ट ताईला सांगायची राहिली. लाजंनं सांगितली नाय."

गोष्ट अशी. वसुधानं त्याला हैदराबाद संस्थानाच्या इतिहासाचं पुस्तक वाचून दिलं होतं. ग्रंथालयाची जुनी, ओल लागलेली प्रत. निसारनं त्या कॅसेट ऐकून ऐकून तोंडपाठ केल्या. परीक्षेत पोलीस ॲक्शननंतरच्या जहागिरींवर प्रश्न आला आणि तो लेखनिकाला घडाघडा सांगत सुटला. लेखनिक म्हणजे शाळेतला एक पोरगा. पेपर सुटल्यावर त्यानं हळूच विचारलं, "भैया, पान तर चिकटलं नव्हतं, तरी तुम्ही म्हणले म्हणून लिहिलं. चालंल ना?"

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

निसार ताठ बसला. त्यानं मान किंचित डावीकडे कलती केली. वसुधा वाचताना अगदी अशीच बसायची. त्यानं ते कधी पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं, बहुधा आवाज जिकडून यायचा तिकडे त्याचीही मान वळली असावी. तो बोलू लागला. "जहागिरी बरखास्त झाल्या. परंतु... जमीन कसणाऱ्या कुळांचे प्रश्न मात्र, थांबा हं, पान चिकटलंय. हां. मात्र तसेच राहिले."

आवाज पुरुषाचा, भारदस्त, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पण 'परंतु'नंतरचा तो श्वास तिचा होता. 'थांबा हं' मधला 'हं' तिचा होता. भाजी चिरताना, कुलूप लावताना, शेवटी दवाखान्यात नर्सला सुई टोचू देण्याआधीसुद्धा ती हेच म्हणायची, याच सुरात. मी त्या घरात, त्या खुर्चीत, तिला ऐकलं. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. भाभी दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

"रेकॉर्ड करून घे की," निसार म्हणाला. मी मोबाईल काढला. पण फोन समोर आहे म्हटल्यावर त्याच्यातला मास्तर जागा झाला. पाठ म्हटल्यासारखं सगळं आलं, श्वास गेला, 'हं' गेला. तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पुसून टाकलं. हसलो दोघं. संध्याकाळच्या गाडीनं मी परतलो.

नाशिकला येऊन आठवडा झाला. राहणं, खाणं, गाड्या धरून चार हजारांच्या आत सगळी सहल झाली, एकट्या माणसाला जमण्यासारखी आहे. विद्यापीठ बघायचं तर सकाळी जा, कॉलेजचे जुने मित्र असतील तर त्यांना आधी फोन करा, आणि "जाऊ, जाऊ" म्हणत बसू नका. शेजारी विचारतात, मिळाली का कॅसेट? मी नाही म्हणतो आणि विषय बदलतो. जे मिळालं ते जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही.

खरं सांगायचं तर समाधान वगैरे काही झालेलं नाही. उलट भूक लागल्यासारखं झालंय. काल सकाळी मी ते वाक्य स्वयंपाकघरात स्वतः म्हणून पाहिलं, मान कलती करून, 'परंतु'पाशी थांबून. मला येत नाही. शेवटी निसारला फोन लावला आणि म्हणालो, "एकदा म्हण ना रे."

कोणतं, काय, त्यानं काही विचारलं नाही. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. "तासावर हाय रे," तो हळू आवाजात म्हणाला. "दुपारी कर. म्हणतो."

बरं म्हटलं. तांदूळ धुवून ठेवले होते, पण कुकर लावला नाही. त्याच्या शिट्टीत फोन ऐकू आला नसता तर? फोन मी करायचा होता, त्यानं नव्हे, हे कळत होतं. तरीही टेबलापाशी बसून राहिलो, दुपार होण्याची वाट बघत.