चार खांद्यांचा काटा

"बाय, चाय दे. साखर घालू नको, नुसती दाखव."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते डोलीतून. उमरठच्या रस्त्याला जिथे वरच्या वाडीची पायवाट उतरते, तिथे आमचं पत्र्याचं हॉटेल आहे. वाडीला गाडीरस्ता नाही. कुणी आजारी पडलं की जाड बांबूला घोंगडी बांधतात, तिच्यात माणसाला निजवतात आणि खांद्यावरून खाली आणतात. मग जीप, मग पोलादपूर, आणि जास्तच असेल तर महाड. त्यामुळे डोली दिसली की आमच्याकडचं गिऱ्हाईक हातातला वडा ठेवून उठतं. त्या दिवशीही तसंच झालं. एकाने टोपी काढली, आमचे हे जीपवाल्याला फोन लावायला धावले, मी तांब्या घेऊन पुढे झाले. तेवढ्यात घोंगडी हलली, आतून एक गोल, तुकतुकीत टक्कल वर आलं आणि साखर दाखव म्हणालं.

मी खरोखरच साखरेचा डबा उघडून समोर धरला. त्यांनी डोळे भरून पाहिलं, मान हलवली आणि कोरा चहा प्यायले. मग धापा टाकत बसलेल्या चार म्हाताऱ्यांकडे वळून विचारलं, "कितीक झालो?"

"जड," चौघं एका सुरात म्हणाले.

त्यांना सगळे आबा म्हणत, आपणही आबाच म्हणू. मुंबईत धान्याच्या बाजारात त्यांनी उभी हयात माथाडीकाम केलं. पोतं पाठीवर घेतलं की त्याचं वजन सांगायचे, आणि काट्याशी जुळलं नाही तर काट्यालाच दोष द्यायचे. "काटा खोटा बोलंल, खांदा नाय बोलनार," हे त्यांचं ब्रीदवाक्य. कामातून मोकळे झाल्यावर वाडीत परतले. बायको तिथेच, त्याच घरात गेली होती, म्हणून त्यांना ते घर सोडायचं नव्हतं. पोती सुटली, पण पोत्यांची भूक काही सुटली नाही. बसून बसून माणूस असा फुगला की वाडीत कुणाच्या पडवीत बसले तर घरमालक आधी खांबाकडे बघायचा.

एका गणपतीत त्यांना चक्कर आली. नशिबाने मुंबईची पोरं घरोघर आलेली होती. तरणीबांड पोरं, पण प्रत्येक वळणाला डोली टेकवून कंबर धरत होती. महाडच्या डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, मीठ-साखर तोडायला सांगितलं आणि वजन उतरवा म्हणाले. मुलाने मात्र एकच गोष्ट सांगितली. तळीयेची दरड कोसळली त्या पावसाळ्यापासून मुंबईतली सगळीच पोरं घाबरलेली होती, त्यात हे.

"बाबा, आज पोरं होती म्हणून निभावलं. एरवी वाडीत उचलणारी चार माणसं, तीही साठीच्या पुढची. तुम्ही चला मुंबईला."

"आनि या चौघांनी उचलला तर?"

"न टेकवता?"

"न टेकवता. पुढच्या गनपतीला. नाय जमला, तर तुझा नववा मजला."

मुलगा हसून हो म्हणाला. आबांनी ते गंभीरपणे घेतलं. म्हणून मग दर बाजाराच्या दिवशी डोली उतरू लागली. चौघांना बाजाराला खाली यायचंच असायचं, तर येताना आबांना घेऊन यायचे, आणि डोली पहिल्यांदा कुठे टेकवावी लागली यावरून आबांचं वजन ठरायचं. पायवाटेवर आधी फणस लागतो, मग झरा, मग एक सपाट दगड. त्या दगडाची गोष्ट सांगायला हवी. मयत नेताना वाटेत एकदा विसाव्याला टेकवतात, ती वाडीची विसाव्याची जागा. त्यामुळे जिवंत माणसाची डोली तिथे टेकवायची नाही, असा दंडक. दगड जवळ आला की चौघांचे पाय लटपटायचे आणि आबा घोंगडीतून ओरडायचे, "इथं नको रे मेल्यांनो, मी अजून हाय!" तो ओरडा आम्हाला हॉटेलात ऐकू यायचा. तो ऐकला की मी चहाचं आधण ठेवायचे.

वर चढताना मात्र चौघांनी साफ सांगितलं होतं, उतार आमचा, चढ तुझा. आबा बसत उठत, डोंगराला शिव्या देत पायी वर जायचे.

आता तुम्ही म्हणाल, खाण्याचं काय? खाण्याच्या बाबतीत माणसाचं डोकं असं चालायचं की वकिलाने शिकवणी लावावी. "खाल्ला नाय, चाखला," हे एक ठरलेलं. अख्खा वडा नको म्हणून मी त्यांच्यासाठी अर्ध्या आकाराचा वडा तळू लागले. तो त्यांनी चारदा मागितला. नातीने मुंबईहून ओट्स पाठवले, ते त्यांनी म्हशीपुढे ठेवले. म्हशीने हुंगून तोंड फिरवलं, तेव्हा म्हणाले, "मुक्या जनावराला कलतं, डाक्टरला नाय कलत."

एकदा युक्ती काढली की घरात एकच भाकरी ठेवायची. बाकीची टोपली वाडीच्या अगदी वरच्या टोकाला, त्या चौघांतल्याच कोंडूदादाच्या घरी. दुसरी भाकरी हवी तर चढून जा. कल्पना खरोखर चांगली होती. पण माणूस चढून दारात आला की कोंडूदादाची बायको त्याला कोरडी भाकरी देऊन परत कशी पाठवेल? ती घावणे घालायची. आबा घावणे खाऊन, भाकरी हातात घेऊन उतरायचे.

मग कुणीतरी उपासाचं डोक्यात भरवलं. आठवडाभर पाण्यावर राहिले. सातव्या दिवशी वाडीत कुणाच्या तरी हळदीला गेले आणि आंबोळ्यांच्या चुलीपाशीच बसकण मारली. दुसऱ्या दिवशी बाजार होता. डोली फणसापर्यंतसुद्धा आली नाही. मी त्यांना म्हटलं, "आबा, भुकेला कोंडून ठेवलं तर ती दार मोडूनच बाहेर येणार." त्यावर म्हणाले, "बाय, वडा जलतोय तुझा." खरंच जळत होता.

पण हळूहळू, कसं कुणास ठाऊक, फरक पडायला लागला. शिमग्याच्या सुमाराला डोली फणस ओलांडून आली. आबांनी वाटेतच "फनस सुटला!" अशी आरोळी ठोकली. नंतर झराही सुटला. मग एके दिवशी सपाट दगडावरूनही आरोळी आली नाही, आणि डोली एकदाच, हॉटेलच्या जरा वर टेकवून खाली आली. मी पेढे नाही, पण चण्या-फुटाण्याचा पुडा वाटला. आबा घोंगडीतून नवरदेवासारखे उतरले.

त्याच आठवड्यात माझ्या गुडघ्यासाठी मी महाडला निघाले होते. आबा आणि कोंडूदादा जीपमध्ये सोबत आले, रक्तदाब दाखवायला. दवाखान्यात आबा छाती काढून काट्यावर चढले. काटा मागच्या गणपतीत होता तिथून जेमतेम हलला होता.

"चोर हाय," आबा म्हणाले. पण नेहमीचा जोर नव्हता.

परतताना जीपमध्ये ते सारखे कोंडूदादाच्या मानेकडे बघत होते. कोंडूदादा म्हणजे पूर्वी काडीपैलवान, बिडी आणि खोकला, खोकला आणि बिडी.

"कोंड्या, ह्यो सदरा कधी शिवलास?"

"शिमग्याला."

"मंग खांद्याला उसवला कसा?"

कोंडूदादाने खांद्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. खांदा नव्हता तो, बैलाचं वशिंड होतं. आणि लक्षात आलं की कितीतरी दिवसांत हा माणूस खोकललेला नाही. बांबू खांद्यावर असताना बिडी ओढता येत नाही, म्हणून ती केव्हाच सुटली होती. बाकीच्या तिघांचंही तेच झालेलं होतं.

"बाय," आबा मला म्हणाले, "मी हलका नाय झालो गो. हे चौघं बैल झाले."

मी पदर तोंडात धरून हसले, जीपवाला हसला. मग बघते तर आबांच्या डोळ्यांत पाणी. मला फार वाईट वाटलं. वाडीतलं ते घर त्यांना आता पुन्हा हातातून निसटताना दिसत होतं.

कोंडूदादा समजूत घालू लागला. "अरे, पैज उचलायची होती. वजनाची कोन बोलला?"

"मी हमाल हाय, कोंड्या. माल खोटा सांगून दुसऱ्याच्या खांद्यावर नाय देत."

पुढच्या बाजाराला डोली आली ती पाहून माझ्या हातातला झारा तसाच राहिला. डोलीत कोंडूदादा, मजेत, हात डोक्याखाली घेऊन. आणि पुढच्या खांद्याला आबा, घामाने निथळत, तोंडाने पोत्याच्या काळातला काहीतरी ठेका धरलेला. गणपतीपर्यंत हाच क्रम. पाळीपाळीने एकेक जण डोलीत बसायचा आणि आबा उचलायचे. पहिले काही आठवडे त्यांनाच वाटेत टेकवावं लागलं. खाण्यातलं नाटकही कमी झालं. उपास नाही, नवस नाही, ओट्स नाहीत. पहिल्या ताटावर उठायचं, भात दुपारचाच, रात्री एक भाकरी आणि पाल्याची भाजी. माझ्याकडे अर्धा वडा, तो मात्र एकदाच. एखाद्या दिवशी घसरले तर दुसऱ्या दिवशी कान धरून पुन्हा एक भाकरी. काट्यावर चढायला ते परत गेले नाहीत. मला कळायचं ते लेंग्याच्या नाडीवरून. तिचं लोंबणारं टोक लांब होत चाललं होतं.

श्रावणात एका सकाळी धो धो पावसात डोली आली. बाजाराचा दिवस नव्हता. आमचे हे म्हणाले, "आज भलतंच काय हे?" मी सवयीने साखरेचा डबा घेऊन पुढे गेले, आणि आबांचा ओरडा कानावर आला, "जीप! बाय, जीप बोलाव!" घोंगडीत कोंडूदादाची बायको होती. बांधावर गवत काढताना फुरसं चावलं होतं. कोंडूदादा तिचा हात धरून नुसता बाजूने पळत होता, त्याच्या खांद्यात त्राणच उरलं नव्हतं. त्याची जागा आबांनी घेतली होती. निसरड्या वाटेवर, तेवढ्या पावसात, डोली कुठेच टेकवली नव्हती. जीप महाडला गेली आणि बाई वाचली. अजून घावणे घालते.

जीप गेल्यावर आबा बाकावर बसले. सदरा काढून पिळला. त्या दिवशी मी चहात साखर घातली, चांगले दोन चमचे, आणि त्यांनीही काही विचारलं नाही.

गणपतीला मुलगा आला. ठरल्याप्रमाणे चौघांनी आबांना उचललं आणि गप्पा मारत, न टेकवता खाली आणलं. फणसाखाली तर एकाने शीळ घातली म्हणे. मुलाला पटेना. म्हणाला, डोलीतच काहीतरी गोम आहे, मी बसून बघतो. मुंबईत खुर्चीत बसून बसून त्याचं काय झालं होतं ते मी कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी त्याला घालून डोली निघाली. चौघं आणि पाचवे आबा. तरी फणसालाच टेकवली.

आबा घाम पुसत मुलाला म्हणाले, "तू हाय तिथं बरा हायस, बाबा. तिथं लिफ्ट हाय."

त्यानंतर मुंबईचं नाव कुणी काढलं नाही.

पुढे बरेच बाजार आबा स्वतःच्या पायाने उतरले. डोली रिकामी, गुंडाळून काखेत, कुणाला लागली तर असावी म्हणून. बाकावर बसायचे, "साखर दाखव" म्हणायचे, मी दाखवायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं आमच्यात काहीतरी कुलाचार आहे.

मागच्या बाजाराला कोंडूदादा एकटाच उतरला. मी दोन कप मांडले होते. तो बसला आणि त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"झोपेतच गेला, बाय. त्याच्या घरात. म्हस हंबरली तवा कलला. पोरगा दुपारी पोचला, मंग उचलला."

मला रडू आलं. ते लपवायला मी चुलीकडे वळले. पाठीमागून कोंडूदादा बोलत होता.

"खांद्यावर घेतला, तर काय वजनच नाय गो. आमी चौघं एकमेकाकडं बघत राह्यलो. आनि तो दगड आला. विसाव्याला टेकवायला लागतोच, रीत हाय. टेकवला. मंग मी वाकून कानात सांगितला, आबा, ह्यो रीत म्हनून टेकवलाय. ह्यो हिशेबात धरू नको."