उजव्या ब्रेकची चिंधी

आमच्या ह्यायले सायकलीतलं सारं समजते अन् माणसातलं काईच समजत नाई. मूळचे हिंगणघाटचे. पण पिपरी मेघेत निंबाखाली ह्यायचं दुकान आहे, त्याले तेहतीस वर्षं झाली. सदाशिवराव सायकलवाले कुठी बसतात, असं कोणालेही विचारा, आणून सोडून देईल. काम करताना बोलणार नाई, चहा पूर्ण थंडा करून पिणार, अन् दुरुस्त केलेली सायकल स्वतः चौकापर्यंत चालवून पाहाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती देणार नाई. मी यशोदाबाई, त्यायची बायको. एवढ्या वर्षांत मी किती बोलली अन् त्यायनं किती ऐकलं, ते देवालेच ठाऊक.

जवानीत पवनारच्या पुलाच्या उतारावर ह्यायनं घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला, अन् हँडलवरून उलटे होऊन समोरचे दोन दात तिथंच ठेवून आले. तवापासून जो पोट्टा नवीन सायकल शिकते, त्याचा उजवा ब्रेक, म्हणजे पुढच्या चाकाचा, हे महिनाभर ढिला करून ठेवतात. "डावाच दाबजो," एवढंच सांगतात. महिन्यानं हात बसला का परत कसून देतात. आमच्या पौर्णिमेच्या सायकलीचा उजवा ब्रेक मात्र दाबताच येऊ नये असा चिंधीनं घट्ट बांधलेला राह्यला. महिना नाई, बारा वर्षं. सहावीपासून तं नोकरी लागेपर्यंत पोरगी एका डाव्या हातानंच थांबली. आपल्या इकडं चालून जाते. वर्ध्यात उतार आहेच किती!

आता पौर्णिमा फ्रान्सले शिकून राह्यली. नीस म्हणून शहर आहे समुद्रकाठी. मे महिन्यात तिचा फोन आला का दोन मैत्रिणींसंग डोंगरात जाऊन राह्यली. बसनं पायथ्याच्या गावाले जायचं, तिथून भाड्याच्या सायकलीनं शुक्रवारी घाट चढायचा अन् वर लॉजमध्ये राहायचं. शनिवारी सायकली तिथंच ठेवून पायी पलीकडची खिंड पाहून यायची. रविवारी सकाळी खाली. "अकरा किलोमीटर नुसता उतार, आई! वळणावळणावर खाली समुद्र दिसते!" तिले खुशी, अन् मले धडकी. समुद्र खाली दिसते म्हणजे मधात दरी असन ना बाप्पा! हे मात्र फुगून गेलते. शुक्रवारी तिनं सायकलीसंगचा फोटो पाठवला, तो ह्यायनं साऱ्या चौकाले दाखवला. पानवाल्यालेही सोडलं नाई.

शनिवारी दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेली. ऊन असं का रस्त्यावर कुत्रं नाई. हे एका सायकलीत ब्रेकची तार ओवून राह्यले होते. ओवता ओवता हात थांबला. काळे हात पॅन्टले पुसले, मोबाइल काढला, तोच फोटो बोटानं मोठा करून डोळ्याजवळ नेला. मंग फोटोतल्या मुठीपासून चाकापर्यंत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"काय झालं वो?"

"अवं, तार पाहाय. डाव्या मुठीतली तार पुढच्या चाकाले गेली."

"मंग?"

"तिकडं उलटं असते. तिकडं डावा म्हणजे पुढचा."

मले समजाले थोडा टाइम लागला. समजलं तशी तोंडचं पाणीच पळालं. चढताना ब्रेक कोण दाबते? शुक्रवारी काई झालं नसन. पण उद्या उतारावर समोरून गाडी आली, पोरगी घाबरली, का डावा हात आपोआप जाईन, अन् तोही पूर्ण ताकदीनं. पवनारच्या उतारावर दोन दात गेले होते. तिथं दरी होती.

फोन लागेना. मेसेज टाकला तं एकच टिक. वर रेंज नसते, असं ती अगोदरच म्हणलती. ह्यायनं मोबाइल तोंडाशी धरून बोलून पाठवलं: "पौर्णिमा, बाबा बोलतो. डावा दाबजो नको बेटा. उजवा दाबजो. नाई तं उतरजो, पायी येजो." असं पाच-सहा वेळा तरी पाठवलं. तरी एकच टिक.

मी काय केलं? मी तोंडाचा पट्टा सोडला. भेव वाटलं का मले राग येते, माझा स्वभावच तसा. "लोकायच्या पोट्ट्यायले दोनी ब्रेक अन् स्वतःच्या पोरीले एक! कारागीर म्हणवता! काई झालं ना पोरीले तं ह्या घरात पाऊल ठेवजा नका!" हे पुन्हा पुन्हा फोन लावत राह्यले. रात्री ताटावरून तसेच उठले. पोळी मलेही गेली नाई, पण म्या ते दाखवलं नाई.

रविवारी शेजारच्या रूपालीले बोलावलं. ती कॉलेजात शिकवते. तिनं हिशेब सांगतला का तिकडची घडी साडेतीन तास मागं चालते, पोरी नऊले निघणार म्हणजे आपले साडेबारा. पौर्णिमेनं लॉजचं नाव कळवलं होतं, त्यावरून रूपालीनं नंबर हुडकला. तीनदा लावला, कोणी उचलला नाई. हे ओसरीत उभेच. माझ्या हातात तांदळाचं सूप होतं, त्यात खडे होते का नाई, ते मले आजही सांगता येणार नाई. बारा वाजता तिकडून एका बाईनं उचलला. रूपाली इंग्रजीत काई काई बोलली अन् तिचा चेहराच उतरला.

"काकू, ऊन व्हायच्या आत म्हणून त्या लवकर निघाल्या. वीस मिनिटं झाली."

एक वाजला, दोन वाजले. ओसरीत पौर्णिमेची जुनी सायकल उभी आहे, हे तिच्यापाशी जाऊन बसले, अन् चाक फिरवत राह्यले. ते चाक थांबलं का पुन्हा फिरवत.

साडेतीनले मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल होता. हनुवटीवर पांढरी पट्टी, कोपर सोललेलं, पण पोरगी उभी होती. आपल्या पायावर उभी होती. मी धाय मोकलून रडली.

"पहिल्याच वळणावर, आई. समोरून गाडी आली, म्या डावा दाबला, अन् मागचं चाक वर! डोंगराच्या बाजूले पडली म्हणून बरं. मंग आख्खा घाट सायकल हाती धरून पायी उतरली. खाली आली तवा बाबांचे सारे मेसेज एकदम वाजले."

ह्यायनं मोबाइल दोनी हातांनी धरला. "माझी चूक आहे बेटा. म्याच तुले एका हातानं शिकवलं."

आता मले राहवलं नाई. दोन दिवस मी ह्या माणसाले वाट्टेल ते बोलली, अन् त्यायनं एक शब्द उलटा काढला नाई. काढाले पाहिजे होता. सहावीत तिचा महिना भरला तवा हे उजवा ब्रेक कसाले बसले होते. म्हणले, उतारावर दोनी लागतात. मीच आडवी आली. ह्यायचे दात अन् ते रक्त माझ्या डोळ्यापुढून जात नव्हतं. हे दुकानात गेले तशी म्या माझ्या हातानं चिंधी बांधली. ह्यायनं दोनदा सोडली, म्या दोनदा बांधली. तिसऱ्यांदा ह्यायनं सोडली नाई.

"पौर्णिमा," म्या म्हणलं, "बाबाची चूक नाई वं. चिंधी म्या बांधलती."

"मले मालूम आहे. माझ्या पिवळ्या फ्रॉकची होती ना?" ती म्हणली. "मी सोडाले गेलती एकदा. बाबा म्हणले, राहू दे, तुझी आई भेते."

म्या ह्यायच्याकडं पाहालं. हे खाली पाहून राह्यले होते. मंग मी उठली अन् सायकलीपाशी गेली. चिंधीचा पिवळा रंग उडून गेलता, पण गाठ तशीच होती, माझ्याच हातची. नखानं सुटेना.

"थांब," हे म्हणले, "कैची आणतो."